लग्नाच्या मिक्सिंगसाठी पहिला कॉम्प्युटर: ६५ हजारांत काय बसवावं?

माणदेशी फ्रेम | १४ जून २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. वाचक जुना, धागा पहिलाच. गाव आटपाडी तालुक्यात, जि. सांगली. चार वर्षं लग्नं शूट करतोय. कॅमेरा सोनी झेडव्ही-ई१०, जोडीला धाकट्या भावाचा मोबाईल. मिक्सिंग (म्हणजे व्हिडिओचं एडिटिंग) आजवर बाहेर द्यायचो. सीझनला तिथं रांग लागते, लग्नाचा व्हिडिओ दिवाळसणाला हातात पडतो आणि बोलणी मी खातो. आता लग्नं थांबली. तुळशीच्या लग्नापर्यंत मशीन घ्यायचं आणि हात बसवायचा, असं ठरवलंय.

बजेट मॉनिटरसकट ६५ हजार, त्यातले २० वडिलांचे. त्यामुळं चुकून चालणार नाही. दुकानातून हे कोटेशन आलंय:

आय५-१२४०० एफ, एच६१० बोर्ड, ८ जीबी रॅम (एक पट्टी), २५६ जीबी एसएसडी, १ टीबी हार्डडिस्क, जीटीएक्स १६५० ४ जीबी, ‘५०० वॅट’चा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा, कंपनीचं नाव लिहिलेलं नाही), काचेचं कॅबिनेट चार रंगीत पंख्यांसह, २२ इंची मॉनिटर. एकूण ६१,५००.

कोल्हापुरात क्लास केला तेव्हा प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर शिकवलं, तेही चोरीच्या क्रॅक प्रतीवर. आता दा विंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती वापरायचा विचार आहे. घेऊ का हे मशीन?

---

पॉपकॉर्नवाला | १४ जून, रात्री ११:०२

चार रंगीत पंखे! नवरदेवाची घोडी सजवलीये का काय? (हलके घ्या.)

---

कटपेस्ट काका | १५ जून, सकाळी ७:१५

घोडी राहू द्या. धागाकर्त्या, कोटेशनवर बोलण्याआधी तुझ्या फुटेजचं सांग. फोर के शूट करतोस की फुल एचडी? एका लग्नाचं एकूण किती तास जमतं? मोबाईलवर एचडीआर चालू असतं का? हे कळल्याशिवाय पार्ट सांगणं म्हणजे माप न घेता ब्लाउज शिवणं.

मी पुण्यात मिनी-डीव्हीच्या काळापासून मिक्सिंग करतोय. तेव्हा तासाभराची कॅसेट मशीनमध्ये घ्यायला तासच लागायचा. हल्लीची पोरं कार्ड कॉपी व्हायला पाच मिनिटं लागली तरी कुरकुरतात.

---

माणदेशी फ्रेम | १५ जून, दुपारी १:३०

काका, फोर के, १०० एमबीपीएस सेटिंगवर. हळदीपासून पाठवणीपर्यंत साडेचार-पाच तासांचं फुटेज. मोबाईलवर काय चालू असतं ते भावालाच विचारावं लागेल. गिऱ्हाईकाला द्यायचं ते फुल एचडी, पेन ड्राइव्हवर. शिवाय तीन-चार मिनिटांचा हायलाइट आणि रील.

---

लॅमिंग्टनवारी | १५ जून, दुपारी ३:१०

मग हिशोब सोपा आहे. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. पाच तासांचे सव्वादोनशे जीबी झाले. त्या कोटेशनमधल्या २५६ जीबीच्या एसएसडीत विंडोज आणि सॉफ्टवेअर टाकल्यावर एक लग्नसुद्धा मावत नाही. म्हणजे फुटेज हार्डडिस्कवर ठेवून तिथूनच एडिट करणार, आणि दोन कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम लावला (दोन्हींचं फुटेज एकदम चालवलं) की ती बिचारी कण्हत बसणार. हार्डडिस्क सलग वाचायला ठीक असते. तिला इकडून तिकडून उड्या मारायला लावल्या की संपली.

१ टीबीची एनव्हीएमई (बोर्डावर थेट बसणारी वेगवान एसएसडी) घे. दोन-तीन लग्नं एकदम उघडी ठेवता येतील. काम संपलं की जुनी एक्सटर्नल असेल तिच्यात हलव.

रॅम ८ जीबी हा तर विनोद आहे. रिझॉल्व्हवाले स्वतःच साध्या एडिटिंगला १६ आणि फ्यूजनला (त्यातल्या इफेक्टच्या भागाला) ३२ सांगतात. एच६१० बोर्डाला रॅमच्या खाचा दोनच. ८-८ च्या दोन पट्ट्या टाकल्यास तर वाढवताना दोन्ही काढून विकाव्या लागतील. सरळ १६-१६ च्या दोन घे. डीडीआर४ च्या साडेपाच-सहा हजारांत बसतात. आणि एकच पट्टी टाकली तर रॅमचा अर्धा रस्ता बंद ठेवल्यासारखं होतं. दोन हव्यातच.

‘एफ’बद्दल रात्री सविस्तर लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

---

निळू डोंबिवली | १५ जून, सायं. ६:४५

एवढी उठाठेव कशाला? मॅक मिनी एम४ घ्या. ५९,९०० छापील किंमत, १६ जीबी मेमरी, आवाज नाही, वीज कमी खातो आणि फोर के लोण्यासारखं कापतो. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती त्यावर मस्त चालते. माझ्या बहिणीचं यूट्यूब चॅनेल त्यावरच आहे.

---

लॅमिंग्टनवारी | १५ जून, रात्री ९:२०

निळूभाऊ, मशीन चांगलंच आहे, वाद नाही. पण उरलेल्या पाच हजारांत मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि बाहेरची एसएसडी कशी बसवायची? आतली २५६ जीबीच, आणि मेमरी पुढं वाढत नाही. जे घेतलं ते घेतलं.

आता ‘एफ’. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाला एफ लागला की त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. दोन-अडीच हजार वाचतात म्हणून दुकानदार तोच सुचवतात, आणि गेमिंगवाल्याला तो पुरतो. एडिटिंगवाल्यानं बिनएफचा १२४०० घ्यावा. आतल्या ग्राफिक्सबरोबर क्विक सिंक येतं, म्हणजे एच.२६४ आणि एच.२६५ या पद्धतींनी आवळलेला व्हिडिओ उलगडायला वेगळा विभाग. एनव्हिडियाची कार्डंही हे काम करतात, पण दहा बिट ४:२:२ चं (रंगाची जास्त माहिती असलेलं) एच.२६५ फुटेज त्यांना आत्ताच्या ५० मालिकेपर्यंत जमत नव्हतं. इंटेलला ते आधीपासून जमतं. तुझा ई१० आठ बिट ४:२:० देतो, त्यामुळं आज फरक पडणार नाही. उद्या दुसरा कॅमेरा घेशील तेव्हा आठवण येईल.

आणखी एक साधं कारण. ऐन सीझनला कार्ड गेलं तर एफवाल्या मशीनचा पडदा काळा. बिनएफचं मशीन रडतखडत का होईना, चालू राहतं.

---

कटपेस्ट काका | १५ जून, रात्री १०:०५

वारी, तुझं ९० टक्के पटलं. पण क्विक सिंकचं कौतुक ऐकून पोरगं रिझॉल्व्ह टाकेल आणि मग तुला शोधत फिरेल. विंडोजवर रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत या हार्डवेअरच्या मदतीला मर्यादा आहेत. पुरती मदत स्टुडिओ आवृत्तीत, तिचे २९५ डॉलर एकदाच भरायचे. प्रीमियर आणि एडियस (हेही एडिटिंगचंच सॉफ्टवेअर) मात्र क्विक सिंक व्यवस्थित वापरतात. म्हणून तर लग्नाच्या मिक्सिंगवाल्यांकडं अजून एडियस ठाण मांडून आहे. मॅकवर एडियस चालत नाही, हेही निळूभाऊंच्या कानावर घालतो. गावाकडं दुसऱ्याचं प्रोजेक्ट उघडून द्यायचं काम आलं तर हा मुद्दा आडवा येतो.

आणि ऐक, लिनक्सवर जाऊ नकोस. फुकट रिझॉल्व्ह तिथं एच.२६४ उघडतच नाही. एका भाच्याने हौसेनं टाकलं होतं, दोन रात्री डोकं धरून बसला.

मग फुकटवाल्यानं काय करायचं? प्रॉक्सी. कार्ड कॉपी झालं की सगळ्या क्लिपच्या हलक्या प्रती बनवायला लाव आणि जेवायला जा. एडिट त्यांच्यावर करायचं, शेवटचं एक्सपोर्ट मूळ फुटेजवरून होतं. ज्याला प्रॉक्सीची सवय आहे त्याला ६५ हजारांचं मशीन लाखाच्या मशीनसारखं वाटतं.

---

रेसिपीवाली वहिनी | १६ जून, सकाळी ११:३०

+१ प्रॉक्सीला. मी नाशिकहून, सगळं मोबाईलवर शूट करते. भावाच्या मोबाईलबद्दल एक सांगते. मोबाईलचा फ्रेम रेट स्थिर नसतो, कमीजास्त होत राहतो. वीस मिनिटांची क्लिप टाइमलाइनवर टाकली की शेवटाकडे आवाज पुढे आणि ओठ मागे. मी दोन महिने माइक बदलत बसले होते! हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात स्थिर फ्रेम रेट निवडून क्लिप आधी काढून घ्यायची. मंगलाष्टकांचा आवाज मागेपुढे झाला तर भटजीसुद्धा तक्रार करतील.

अवांतर: प्रीमियरमध्ये ‘॥ श्री गणेश प्रसन्न ॥’ लिहिल्यावर जोडाक्षरं फुटत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा.

---

माणदेशी फ्रेम | १६ जून, दुपारी २:००

वहिनी, तुमच्या पाया पडतो. दोन वर्षं मिक्सिंगवाल्याला शिव्या घातल्या, तो बिचारा निर्दोष निघाला.

ग्राफिक कार्डचं सांगा कुणीतरी. कोटेशनमधलं १६५० पुरेल का, नाहीतर कोणतं?

---

लॅमिंग्टनवारी | १६ जून, रात्री ८:५०

रिझॉल्व्ह प्रीमियरपेक्षा कार्डावर जास्त भार टाकतं. रंग, इफेक्ट, स्थिरीकरण सगळं तिकडं. फोर के टाइमलाइनवर ४ जीबीचं कार्ड असेल तर ‘जीपीयू मेमरी फुल’ची पाटी केव्हाही येते. तू फुल एचडीत देतोस, म्हणजे टाइमलाइन फुल एचडीच ठेव, कार्डाचा भार एकदम उतरतो. तरी ६ जीबीच्या खाली जाऊ नये.

तुझ्या पैशांत आरटीएक्स ३०५० ६ जीबी, साडेसोळा हजारांच्या आसपास. गेमिंगवाले या कार्डाला नावं ठेवतात आणि त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. आपल्याला मात्र त्याचे ७० वॅट आवडतात. वेगळी वीजजोडणी लागत नाही, तापत नाही, मोठा एसएमपीएस लागत नाही. कुणी ३०६० १२ जीबी सेकंडहँड देत असेल तर ते कामाला नक्कीच उजवं. पण बिल आणि शिल्लक वॉरंटी हातात असल्याशिवाय जुन्या कार्डाला हात लावू नकोस. क्रिप्टोच्या खाणकामातून निवृत्त झालेली कार्डं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पुसूनपासून नव्यासारखी मांडलेली असतात.

---

वऱ्हाडी पंखा | १६ जून, रात्री ११:१५

एसएमपीएसवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. बिनानावाच्या डब्यावर ५०० वॅट लिहिलेलं असतं, आत तेवढा दम नसतो. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, व्होल्टेज वरखाली. माझ्या पहिल्या मशीनमध्ये असाच डबा होता. एक दिवस फट्ट झालं आणि तो जाताना बोर्ड घेऊन गेला. साडेचार हजार घाल, ८० प्लस ब्राँझचा ५५० वॅट घे. तुझं मशीन पूर्ण भारावरसुद्धा अडीचशे वॅटच्या आत राहील. १२४०० जोरात असताना ११७ वॅट, कार्ड ७०, बाकी किरकोळ. मग ५५० कशाला? उद्या मोठं कार्ड टाकशील तेव्हा बदलावा लागू नये म्हणून.

कॅबिनेट समोरून जाळीचं पाहिजे. काचेचं म्हणजे उन्हात बंद करून ठेवलेली गाडी.

घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का पहा. जुन्या चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर चांगले एसएमपीएस कधीकधी रुसतात, लाइट गेली की मशीनही बंद. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा यूपीएस. पाच मिनिटं मिळतात, प्रोजेक्ट सेव्ह करायला बास झाली.

---

निळू डोंबिवली | १७ जून, सकाळी ९:००

पंखे, जाळ्या, इन्व्हर्टर, वेव्ह! मॅक मिनीला यातलं काही लागत नाही. जाऊ द्या, बोलत नाही.

---

कटपेस्ट काका | १७ जून, सकाळी ९:४०

निळू, खरं सांगू? मित्राचा वापरून पाहिलाय. जळफळाट होईल इतका चांगला आहे. मॉनिटर घरात असता आणि पोरगं एकट्याचंच काम करणार असतं तर मीही तोच सांगितला असता. पण आटपाडीत रॅम गेली तर विट्याहून पट्टी येते, मॅकचं काही झालं की पुण्याची गाडी धरायची.

मॉनिटरचं माझं ऐक. २२ इंची स्वस्तातला घेऊ नकोस. २४ इंची आयपीएस घे, खोक्यावर एसआरजीबी ९९ टक्के लिहिलेलं बघून. हळदीचा पिवळा तुला पिवळा दिसला आणि गिऱ्हाईकाच्या टीव्हीवर हिरवट झाला तर सगळी मेहनत पाण्यात. नवरीच्या शालूचा रंग नवरीपेक्षा तिची आई लक्षात ठेवते.

---

माणदेशी फ्रेम | ९ जुलै २०२५, रात्री ९:३०

मंडळी, घेतलं! आषाढीची गर्दी ओसरल्यावर सांगलीला जाऊन समोर बसून असेंबल करून घेतलं, १८ टक्के जीएसटीच्या पक्क्या बिलावर. आय५-१२४०० (बिनएफ) १३,०००, एच६१० बोर्ड ७,०००, रॅम १६-१६ च्या ६,०००, एनव्हीएमई १ टीबी ५,५००, आरटीएक्स ३०५० ६ जीबी १६,५००, एसएमपीएस ४,५००, जाळीचं कॅबिनेट २,५००, मॉनिटर ९,०००. एकूण ६४,०००. उरलेल्या हजारात कीबोर्ड-माउस आणि येताना मिसळ.

---

माणदेशी फ्रेम | ११ जुलै, सकाळी १०:१०

फसवणूक झाली वाटतं. टास्क मॅनेजरमध्ये एकच जीपीयू दिसतोय, एनव्हिडियाचा. इंटेलचं ग्राफिक्स कुठंच नाही. बिलावर १२४०० आहे, पण आत एफच बसवला असणार. वडिलांना अजून सांगितलं नाही. उद्या दुकानात जाऊन भांडणार.

---

पॉपकॉर्नवाला | ११ जुलै, सकाळी १०:२५

दुकानाचं नाव टाका, सगळ्यांना कळू दे!

---

लॅमिंग्टनवारी | ११ जुलै, सकाळी १०:५०

थांबा, थांबा. नाव बिव काही टाकू नका. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात सीपीयूवर क्लिक कर. वर उजवीकडं प्रोसेसरचं पूर्ण नाव येतं. शेवटी एफ आहे का?

---

माणदेशी फ्रेम | ११ जुलै, सकाळी ११:२०

नाही. नुसतं १२४०० आहे.

---

लॅमिंग्टनवारी | ११ जुलै, सकाळी ११:३०

मग दुकानदार निर्दोष. वेगळं कार्ड बसवलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपणहून झोपवतात. मशीन चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ किंवा तशाच नावाचं काहीतरी सापडेल, ते एनेबल कर, सेव्ह कर. मग इंटेलचा ड्रायव्हर टाक. मॉनिटरची केबल मात्र कार्डालाच राहू दे, बोर्डाला लावू नको.

---

माणदेशी फ्रेम | ११ जुलै, दुपारी १२:१५

आलं. दोन्ही दिसायला लागले. दुकानदाराला मनातल्या मनात सॉरी म्हटलं.

---

रेसिपीवाली वहिनी | ११ जुलै, दुपारी १:००

आधी मिक्सिंगवाला, आता दुकानदार. तुमच्या हातून निर्दोष सुटलेल्यांची यादी वाढतेय.

---

नवखा सातारकर | १८ डिसेंबर २०२५, रात्री ८:००

धागा वर काढतोय. मला हीच यादी हवी होती, पण ३२ जीबी रॅमचा आजचा भाव ऐकून दुकानातच बसलो. धाग्यातल्या भावाच्या दुपटीच्या वर सांगतायत. चूक छापलीय की मला गंडवतायत?

---

लॅमिंग्टनवारी | १८ डिसेंबर, रात्री ९:१०

गंडवत नाहीत. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवलीय की कारखाने तिकडंच वळलेत. दिवाळीपासून भाव चढतेच आहेत. १६-१६ परवडत नसेल तर आत्ता १६ ची एक पट्टी घे, दुसरी खाच मोकळी ठेव. जूनमध्ये मी एका पट्टीला नावं ठेवली होती, ती मागं घेतो. अर्धा रस्ता बंद तर बंद. टाइमलाइन फुल एचडी, प्रॉक्सी चालू, ब्राउझर बंद, एवढं पाळलंस तर निभेल. जुनं मशीन असेल तर त्यातली पट्टी डीडीआर४ आहे का बघ, चालून जाईल.

---

माणदेशी फ्रेम | १९ डिसेंबर, सकाळी ७:४५

सातारकर, मी नशीबवान ठरलो एवढंच. तुळशीच्या लग्नानंतर चार लग्नं याच मशीनवर निघाली. पाच तासांच्या फुटेजच्या प्रॉक्सी रात्री लावतो, सकाळी तयार.

काका, एक अडचण आहे. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. अनवाणी असलो तर जास्तच. मशीन बिघडलंय का?

---

वऱ्हाडी पंखा | १९ डिसेंबर, सकाळी ८:३०

काकांच्या आधी मीच सांगतो, हे माझं खातं. मशीन नाही, घराची अर्थिंग बिघडलीय, किंवा नाहीच. एसएमपीएसच्या आत गाळणी असते, तिच्यातून थोडा करंट कॅबिनेटवर उतरतो आणि अर्थिंगच्या तारेनं जमिनीत जायला पाहिजे. तार जमिनीपर्यंत पोचलेलीच नसेल तर तो तुझ्या पायातून जातो. वायरमन बोलाव, सॉकेटची तिसरी पिन तपास. तोवर मशीनला चप्पल घालूनच हात लाव, आणि कॅमेरा केबलनं जोडू नको, कार्ड काढून रीडरमध्ये घाल.

---

माणदेशी फ्रेम | २२ डिसेंबर, सायं. ६:२०

वायरमन येऊन गेला. तिसऱ्या पिनेची तार भिंतीत जाऊन मधेच संपली होती. परसात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून नवी अर्थिंग केली, मुंग्या बंद. खड्डा वडिलांनी खणला. म्हणाले, वीस हजारांवर हे वेगळं धर.